आधी काय दिसतंय ते सांगा

संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला विभागाबाहेरचा एक पेपर घेणं सक्तीचं होतं. मी पोहोचेपर्यंत अर्थशास्त्राचे आणि संगणकाचे वर्ग भरून गेले होते. उरलेल्या यादीत एक नाव होतं, 'परागकण: ओळख आणि मोजणी'. त्यातला मोजणी हा शब्द ओळखीचा वाटला, म्हणून मी तिथे नाव घातलं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

वर्ग वनस्पतिशास्त्राच्या इमारतीत, जिन्यालगतच्या एका अरुंद खोलीत भरायचा. आम्ही चौघं होतो. दोघं वनस्पतिशास्त्राचे, एक भूगर्भशास्त्राचा आणि मी. पहिल्या दिवशी सरांनी फळ्याला हातही लावला नाही. मायक्रोस्कोपखाली एक स्लाइड सरकवली आणि मला म्हणाले, "बघा आणि सांगा."

मी बराच वेळ डोळा लावून बसले आणि म्हटलं, "परागकण आहे, पण कशाचा ते माहीत नाही."

"नाव नंतर. आधी काय दिसतंय ते सांगा."

"गोल आहे."

"सगळीकडून सारखा गोल? कडा जाड की पातळ? वर नक्षी आहे की गुळगुळीत? कुठे भोक दिसतंय? एकच? भोकाभोवती कडं आहे का बघा."

अर्ध्या तासात माझ्या वहीत आठ वाक्यं जमली. कण गोलसर आहे, कवच पातळ आहे, पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत, भोक एकच, भोकाभोवती उंचावलेलं कडं. आठवं वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी नाव सांगितलं. गवत. जन्मापासून ज्याच्यावरून चालत आले होते, ते मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्या सहामाहीत मी जे शिकले ते आजही नीट आठवतं, आणि ज्या विषयाची मी पदवी घेतली त्यातलं निम्मं विसरले आहे. परागकणाच्या बाहेरच्या कवचात स्पोरोपोलेनिन नावाचं द्रव्य असतं. जिवंत सृष्टीने घडवलेल्या सगळ्यांत चिवट पदार्थांपैकी ते एक. तलावाच्या तळाचा गाळ घ्यायचा, त्यातली वाळू हायड्रोफ्लुओरिक आम्लाने विरघळवायची, बाकीचा सेंद्रिय कचरा नऊ भाग अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड आणि एक भाग तीव्र सल्फ्युरिक आम्लाच्या मिश्रणात जाळून टाकायचा. एवढं सगळं झाल्यावर तळाशी जे उरतं ते परागकणांचं कवच. दहा हजार वर्षांपूर्वीचं असलं तरी नक्षीसकट. लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूगर्भशास्त्रज्ञाने १९१६ साली आजच्या ऑस्लोमध्ये दिलेल्या व्याख्यानात दाखवलं, की दलदलीच्या थराथरांतले हे कण मोजले तर पूर्वी तिथे कोणतं रान होतं आणि ते कसं बदलत गेलं हे वाचता येतं. त्या व्याख्यानापासून या विषयाची मोजणी सुरू झाली असं मानतात.

आणि ही मोजणीच मला शेवटी आत घेऊन गेली. एका स्लाइडवर तीनशे कण मोजायचे असा रिवाज. त्यातून कोणत्या झाडाचं प्रमाण किती हे कळतं, पण मूळ गाळात एकूण कण किती होते हे कळत नाही. कारण धुण्यात, गाळण्यात, ओतण्यात किती गेले याचा पत्ताच नसतो. सरांनी एक छोटीशी गोळी दाखवली. तिच्यात लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीचे बीजाणू, आणि ते किती आहेत हे आधीच मोजलेलं. काम सुरू करतानाच ती गोळी गाळात विरघळवायची. पुढे जे काही वाया जाईल त्यात आपले कण आणि हे पाहुणे बीजाणू सारख्याच प्रमाणात जातील. समजा दहा हजार बीजाणू टाकले, आणि तीनशे कण मोजताना त्यांतले शंभर दिसले, तर मूळ नमुन्यात कण तीस हजार.

मी खुर्चीत ताठ बसले. हे तर तळ्यातल्या माशांचं गणित. काही मासे पकडून खूण करून सोडायचे, पुन्हा जाळं टाकायचं, खुणेचे किती आले त्यावरून तळ्यातले एकूण मासे काढायचे. आमच्या विभागात ते सूत्र मी फळ्यावरून उतरवून घेतलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण ते सूत्र कुणाला तरी खरोखर हवं असतं, कुणीतरी त्याच्यावाचून अडून बसलेलं असतं, हे मला जिन्यालगतच्या त्या खोलीत उमगलं. मी सरांना म्हटलं, या अंदाजाची चूक किती असेल तेही काढता येईल. ते म्हणाले, "मग काढा ना. आम्हाला पुढच्या मंगळवारी शिकवा." आणि पुढच्या मंगळवारी त्या चार जणांच्या वर्गात खडू माझ्या हातात होता. सर बाकावर बसून उतरवून घेत होते.

विशेष अभ्यासक्रम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर अरुंद बोळ येतो, आत शिरलेला माणूस कमी कमी गोष्टींबद्दल जास्त जास्त जाणत जातो असा. मी आत शिरले तेव्हा वेगळंच घडलं. खोली लहान होती, पण तिला दारं फार होती.

या दारांचं मला तेव्हापासून वेड लागलं. विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांच्या याद्या मी करमणुकीसारख्या वाचते. कळफलकावरून वाजवायच्या मोठाल्या घंटांचं शिक्षण, जुन्या हस्ताक्षरांचं वाचन, कीटकांवरून मृत्यूची वेळ ठरवणं, हिमनद्यांचं यंत्रशास्त्र. प्रत्येक नावामागे कुणीतरी एक दिवस आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलेलं असतं, आणि ती गोष्ट शोधून काढल्याशिवाय मला राहवत नाही.

झाडांच्या वार्षिक वलयांचंच घ्या. हा विषय वनस्पतिशास्त्रज्ञाने उभा केलेला नाही. ए. ई. डग्लस हे खगोलशास्त्रज्ञ होते. सूर्यावरच्या डागांचं साधारण अकरा वर्षांचं चक्र असतं. त्याचा हवामानावर परिणाम होत असेल तर झाडांच्या वलयांत त्याचा माग सापडावा, म्हणून ते अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात ओंडके मोजायला लागले. सूर्याचं चक्र त्यांना हवं तसं हाती आलं नाही. हाती लागलं ते दुसरंच. कोरड्या वर्षी बारीक वलय, ओल्या वर्षी जाड, आणि हा क्रम त्या प्रदेशातल्या सगळ्या झाडांत सारखा. म्हणजे जुन्या वस्तीतल्या तुळईची वलयं आजच्या झाडापर्यंत सांधत आणली, तर ते झाड कोणत्या वर्षी तोडलं हे सांगता येईल. त्यांच्याकडे दोन माळा होत्या. एक आजपासून मागे जाणारी, दुसरी जुन्या वस्त्यांतल्या लाकडांची. मध्ये खिंडार. १९२९ साली शो लो या गावात जळून कोळसा झालेला एक ओंडका मिळाला. त्याला एचएच-३९ असा क्रमांक दिला आणि त्या ओंडक्याने दोन माळा जोडल्या गेल्या. तिथल्या प्राचीन वस्त्यांना एका रात्रीत सन मिळाले. १९३७ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात या विषयाची प्रयोगशाळा स्थापन झाली. तिला तात्पुरती म्हणून फुटबॉलच्या स्टेडियमखाली जागा दिली होती. तिथून ती बाहेर पडली २०१३ मध्ये. सत्तरहून अधिक वर्षं वर सामने चालत होते आणि खाली माणसं भिंगातून वलयं मोजत होती. हे चित्र मला फार आवडतं.

विल्यम स्टोको यांची गोष्ट मला त्याहून जवळची आहे. ते मध्ययुगीन इंग्रजी काव्याचे अभ्यासक. १९५५ साली वॉशिंग्टनच्या गॅलॉडेटमध्ये, म्हणजे बहिऱ्या विद्यार्थ्यांसाठीच्या महाविद्यालयात, इंग्रजी शिकवायला आले. हातवाऱ्यांनी बोलणं म्हणजे तुटकी, मोडकी इंग्रजी अशीच तेव्हा बहुतेकांची समजूत होती, शिक्षकांचीसुद्धा. स्टोको यांनी काय केलं, तर बघितलं. नुसतं बघितलं. त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक खूण तीन गोष्टींनी बनते. हाताचा आकार, हात शरीराजवळ कुठे आहे ती जागा, आणि हालचाल. यांतली एक बदलली की अर्थ बदलतो, जसा तोंडाने बोलायच्या भाषेत एक ध्वनी बदलला की शब्द बदलतो. म्हणजे ही स्वतंत्र, पुरी भाषा. १९६० मध्ये त्यांनी हे मांडलं तेव्हा सहकाऱ्यांनाही पटलं नाही, त्यांच्यात बहिरे सहकारीही होते. पण डोरोथी कास्टरलाइन आणि कार्ल क्रोनेबर्ग या दोन बहिऱ्या सहकाऱ्यांबरोबर १९६५ साली त्यांनी त्या भाषेचा कोश काढला. आज अनेक विद्यापीठांत खुणांच्या भाषांचं भाषाशास्त्र शिकवतात. एखाद्या समाजाची भाषा ही भाषा आहे हे मान्य व्हायला जुन्या कवितेच्या अभ्यासकाची नजर लागली, याचं मला आजही नवल वाटतं. ओळींमधली रचना शोधायची सवय असलेल्या डोळ्यांना हातांमधली रचना दिसली असावी, असं मी आपलं समजते.

कधी कधी असा विषय चुकीतूनही उगवतो. विल्यम बास हे हाडांचे जाणकार. १९७७ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात एका जुन्या थडग्याची कुणीतरी उकराउकर केली, आणि आत सापडलेल्या देहाबद्दल पोलिसांनी त्यांचं मत विचारलं. त्यांनी सांगितलं, मृत्यू होऊन फार तर एक वर्ष झालं असेल. तो देह निघाला १८६४ साली यादवी युद्धात मारल्या गेलेल्या कर्नल विल्यम शाय यांचा. लोखंडी शवपेटी आणि शव टिकवण्याची प्रक्रिया यांमुळे देह राहिला होता. चूक ११३ वर्षांची. बास यांनी ती लपवली नाही. मेल्यानंतर देहाचं काय काय आणि किती दिवसांत होतं हे नीट कुणी पाहिलेलंच नाही, हे त्यांनी ओळखलं आणि १९८१ मध्ये टेनेसी विद्यापीठात त्यासाठी खास जागा उभी केली. लोकांनी दान केलेले देह तिथे उघड्यावर ठेवून, दिवसागणिक बदल टिपून शिकवलं जातं. या अभ्यासाला बळकट मन लागतं. माझ्याने ते झालं नसतं. पण एका न्यायालयात एका निर्दोष माणसाची सुटका होत असेल, तर त्यामागे असं कुणीतरी उन्हात उभं राहून नोंदी केलेल्या असतात.

आमचा परागकणांचा पेपर मी शिकून गेल्यावर दोन वर्षांनी बंद झाला.

दहापेक्षा कमी नावं आली तर वर्ग चालवायचा नाही, असा नियम आला होता. नियम करणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणणार नाही. खोल्या मोजक्या, तास मोजके, पगाराचा ताळमेळ बसवावा लागतो. आणि एखादा पेपर शिळा झाला, कुणालाच नको झाला, तर तो थांबवावा हेही मला मान्य आहे. पण मला जे खुपलं ते वेगळं. कागदावर फक्त एक ओळ कमी झाली होती. त्या ओळीबरोबर काय गेलं हे कुणी विचारलंच नाही.

त्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, चपट्या खणांचं. त्यात संदर्भासाठीच्या स्लाइड्स. नमुन्यात अनोळखी कण आला की खण उघडायचा आणि एकेक स्लाइड लावून ताडून बघायचं. लेबलांवर दोन हस्ताक्षरं होती. एक सरांचं, दुसरं त्यांच्या शिक्षकांचं. पुस्तकातल्या चित्रातला कण नेहमी सरळ बसलेला असतो. स्लाइडवरचा आडवा पडलेला, दुमडलेला, फुटलेला असतो. "हा वेगळा नाही, हा तोच आहे, पालथा पडलाय," असं सर म्हणायचे, किंवा "हा फुगलाय, कुणीतरी मिश्रण जास्त वेळ गरम ठेवलं." हे कुठल्या पुस्तकात लिहायचं? लिहिलं तरी वाचणाऱ्याला कसं कळायचं? शेजारी बसून, त्याच भिंगातून आळीपाळीने बघूनच ते एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातं. बंद झालेला अभ्यासक्रम पुन्हा सुरू करायला नुसता ठराव पुरत नाही. मधली एक पिढी शिकलेली नसली की शिकवणारच कोण? दोर मध्येच तुटतो. सर निवृत्त झाले. कपाट कुठे गेलं, मला सांगता येणार नाही. मी दोनदा पत्र लिहून विचारलं होतं.

जर्मन भाषेत अशा विषयांना एक शब्द आहे, 'ऑर्किडेनफाख', म्हणजे ऑर्किडसारखा विषय. दुर्मीळ, नाजूक, जपायला खर्चिक, थोडा चैनीचा. शब्दात कौतुक आहे आणि टोमणाही आहे. सगळे विशेष विषय असे नाजूक नसतात हे खरं. गुरांच्या साथीने शेतकरी हवालदिल झाले तेव्हा १७६१ मध्ये फ्रान्सच्या लियोंमध्ये पशुवैद्यकाची शाळा स्थापन झाली. खाणी चालवायला माणसं हवी होती म्हणून १७६५ मध्ये जर्मनीतल्या फ्रायबर्गला खाणकामाची अकादमी निघाली. गरजेच्या दारातून आलेल्या विषयांना कुणी ऑर्किड म्हणत नाही. कुतूहलाच्या दारातून आलेल्यांना मात्र दर काही वर्षांनी आपला उपयोग सिद्ध करावा लागतो.

उपयोगाचा वाद मीही घातलेला आहे. त्यासाठी एक हुकमी उदाहरण आहे. १९६६ साली थॉमस ब्रॉक आणि त्यांचा पदवीचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या गरम झऱ्यांमधून एक जिवाणू वेगळा केला, निव्वळ अशा पाण्यात काय जगतं हे पाहण्यासाठी. पुढे त्याच जिवाणूच्या उष्णता सोसणाऱ्या विकरावर पीसीआर ही तपासणी उभी राहिली, जी आज प्रयोगशाळांतून रोज चालते. समोरचा गप्प होतो. पण वाद जिंकून घरी आले की मन खट्टू होतं. कारण मी कबूल केलेलं असतं, की ज्या झऱ्यातून काही निघणार नाही त्याकडे बघायची गरज नाही. आणि हे मला मुळीच कबूल नाही. सरांनी मला गवताचा कण दाखवला तेव्हा त्यातून काही निघणार नव्हतं.

शिकागो विद्यापीठाने १९२१ मध्ये अक्कादी भाषेचा कोश हाती घेतला. मातीच्या विटांवर पाचरीसारख्या खुणांनी लिहिलेली, दोन हजार वर्षांपूर्वीच मेलेली भाषा. पहिला खंड छापून यायला १९५६ उजाडलं, आणि काम पुरं झालं २०११ मध्ये. नव्वद वर्षं. ज्यांनी पहिली कार्डं लिहिली त्यांना शेवटचा खंड दिसणार नव्हता, आणि ते त्यांना बहुधा ठाऊक होतं. तरी त्यांनी अक्षर नेटकं ठेवलं असणार, कारण पुढच्या कुणाला तरी ते वाचायचं होतं.

त्याच लिपीतल्या एका नोंदीने मला आत्ताच्या वाटेवर आणलं. इसवी सनपूर्व १३६, १५ एप्रिल. बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण झालं. तिथल्या निरीक्षकांनी वेळ टिपली, शुक्र, बुध, गुरू, मंगळ दिसल्याचं टिपलं, मातीत कोरून ठेवलं. आता पृथ्वी तेव्हाही आजच्याच वेगाने फिरत होती असं धरून गणित केलं, तर त्या दिवशीची सावली बॅबिलोनवरून जातच नाही, हजारो किलोमीटर पश्चिमेला पडते. निरीक्षक तर खोटं लिहीत नव्हते. म्हणजे पृथ्वीचं फिरणं मंदावत आलं आहे. रिचर्ड स्टीफन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इसवी सनपूर्व ७२० पासूनच्या अशा नोंदी तपासून २०१६ मध्ये आकडा मांडला. दिवस दर शतकाला सुमारे १.८ मिलिसेकंदांनी लांबतो आहे. नुसत्या भरती-ओहोटीच्या घर्षणाचा हिशेब धरला तर २.३ यायला हवा. फरक पडतो त्याचं एक कारण असं, की हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याखाली दबलेली जमीन अजून हळूहळू वर उचलली जाते आहे. दिवसाची ही वाढ एवढीशी, पण रोजच्या रोज साठत साठत बॅबिलोनच्या त्या ग्रहणापासून आजपर्यंत तीन तासांहून जास्त झाली. हा आकडा काढायला खगोलशास्त्र लागलं, भूभौतिकी लागली, आणि ती माती वाचू शकणारं कुणीतरी लागलं. शेवटचं माणूस नसतं तर पहिल्या दोघांच्या हाती काहीच नव्हतं.

हे वाचल्यावर मी शोधत राहिले, आणि एका विद्यापीठाच्या संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गांच्या यादीत ते सापडलं. क्यूनिफॉर्म, म्हणजे त्या पाचरींच्या, लिपीची ओळख, बारा आठवडे. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, किमान पाच नावं आली तरच वर्ग सुरू होईल. मी नाव घातलं आणि त्यानंतर रोज ईमेल उघडून बघत होते. निकालाचीही एवढी वाट कधी पाहिली नव्हती. नोंदणीच्या शेवटच्या दिवशी दुपारी निरोप आला. पाच झाली. पाचवं नाव कुणाचं हे मला माहीत नव्हतं, पण त्या माणसाबद्दल मला जे वाटलं त्याला कृतज्ञता हाच शब्द आहे. पहिल्या तासाला कळलं, पाचवे एक निवृत्त सर्व्हेअर आहेत.

सगळ्यांनी आपापल्या टेबलावर ओल्या मातीचा गोळा आणि चौकोनी टोकाची काडी घेऊन बसायचं होतं. पहिलं चिन्ह ताऱ्याचं. आकाशासाठीही तेच, देवासाठीही तेच. काडी किती कलती धरायची हे हाताला कळायला मला वीसेक खुणा कराव्या लागल्या. मग बाईंनी पडद्यावर एका जुन्या विटेचं छायाचित्र मोठं करून लावलं आणि मला विचारलं, यात काय आहे. मी यादीत चिन्ह शोधायला लागले.

"वाचू नका अजून," त्या म्हणाल्या. "पाचरी किती आहेत? आडवी आधी दाबलीय की उभी?"

मी पडद्याजवळ सरकले. उभ्या खुणेची कडा आडवीला कापून पुढे गेली होती, आणि जिथे कापली होती तिथे मातीचा बारीक उंचवटा आला होता.

"आडवी आधी," मी म्हटलं. "उभी तिच्यावरून गेलीय."